वजा अडतीसला कोण सुरू होतं

अर्वैखेरच्या बाहेर, टायरांच्या ढिगाला लागून माझं गॅरेज.
चुलीत वाळलं शेण धुमसतंय,
खारट चहावर साय धरलीय,
आणि बाकावर तेच तिघं, तोच वाद.

दाशन्याम रशियन डब्याचा माणूस.
"माझी मोडते, कबूल.
पण मोडते ती मला कळेल अशा भाषेत.
तारेनं बांधतो, टाकी गळाली तर साबण लिंपतो,
पहाटे पोटाखाली ब्लोटॉर्च धरतो.
खोकते, शिव्या देते, निघते.
तुमची ती जपानी कुठं दुखतंय ते सांगते का?
नुसता एक पिवळा दिवा."

त्सेरेनपिल घोट घेतो.
त्याची प्रियस, स्टिअरिंग आमच्या रस्त्यांना उलटं,
दोन गावं फिरून आलेली, तिसऱ्याला त्याच्याकडे.
गोठलेल्या नदीवरून गेलीय,
मागच्या सीटवर करडं जन्मलंय.
"सहा हिवाळे," एवढंच म्हणतो.
बोटंही सहाच दाखवतो,
जणू आम्हाला मोजता येत नाही.

ओयुनगेरेलचा कोरियन पिकअप.
हप्ते अजून तीन वर्षं आहेत,
म्हणून तिचं मत सगळ्यांत ठाम.

आणि अंगणात ती जर्मन,
खाणीवरच्या कुणा साहेबानं टो करून सोडलेली,
परत विचारायलाही आला नाही.
"नाव मोठं, लक्षण खोटं," दाशन्याम तिच्याकडे हनुवटी करतो.
सुटा भाग यायला चार महिने, किंमत दोन घोड्यांची.
तिच्या बॉनेटवरचा तारा
माझ्या पोरीनं केव्हाच लगामाला बांधलाय.

मग सगळे माझ्याकडे बघतात.
तू सांग. तू रोज आतून बघतोस.

मी पाना पुसत राहतो.
आतून बघतो, खरंय,
पण माझ्या दारात धडधाकट गाडी येते कधी?
मला सगळ्याच कंपन्या आजारी दिसतात.
आणि जी कधीच आली नाही
ती एकतर फार चांगली,
नाहीतर कुठल्यातरी खिंडीत, बर्फाखाली.
हे मी बोलत नाही. धंदा आहे.

त्या संध्याकाळी दाशन्यामची भाची नोमिन,
शहरात जपानी शिकणारी,
त्सेरेनपिलच्या गाडीत बसली, बस थांब्यापर्यंत.
त्यानं बटण दाबलं. आतली बाई बोलली,
रोजच्यासारखी, मऊ, घाई नसलेली.
त्सेरेनपिलनं मान लववली:
"हो बाई, जपून जातो."

नोमिन हसली. "काका, ती म्हणतेय, कार्ड घातलेलं नाही."
"कसलं कार्ड?"
"टोलचं. तिकडच्या रस्त्यांचं."

काच खाली होती. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

सहा हिवाळे.
दर पहाटे त्या एका वाक्यावर
त्यानं बायकोला दवाखान्यात नेलं, लोकर बाजारात नेली,
वादळात दिवे बंद करून रात्र काढली.
दाशन्यामच्या हातात आता
अख्ख्या मोसमाला पुरेल एवढा दारूगोळा.
मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.
त्यानं कप पालथा केला, तळ बघितला,
आणि म्हणाला, "साय फार झाली आज."

दुसऱ्या दिवशी पारा वजा अडतीस.
भिंतीपलीकडून मला ती बाई ऐकू आली,
मग थोडी शांतता, नेहमीपेक्षा लांब,
मग त्याचा आवाज:
"हो बाई. जपून जातो."

पलीकडे दाशन्याम डब्याखाली आडवा,
ब्लोटॉर्च पेटेना. तीन काड्या विझल्या.
त्सेरेनपिल त्याच्यापाशी हळू झाला,
खिडकीतून लायटर फेकला,
आणि थांबला नाही.